मदत हवी आहे : जहाजाच्या केबिनमध्ये दोन सॉकेट आणि आमची बारा उपकरणे

नमस्कार.

पुढील महिन्यात आम्ही चौघे सात रात्रींच्या समुद्रसफरीला निघत आहोत. मोठ्या प्रवासी जहाजावर राहण्याची ही आमची पहिलीच वेळ आहे. कपडे, औषधे, कागदपत्रे यांची तयारी झाली आहे. अडलो आहोत ते चार्जिंगपाशी.

आमची केबिन आतल्या बाजूची आहे आणि जहाज बरेच जुने आहे. आरक्षणासोबत आलेल्या माहितीनुसार केबिनमध्ये दोनच सॉकेट आहेत आणि ती दोन्ही आरशाखालच्या टेबलापाशी आहेत. एक ११० व्होल्टचे, चपट्या पात्यांच्या प्लगसाठी. दुसरे २२० व्होल्टचे, दोन गोल पिनांच्या प्लगसाठी. पलंगाजवळ एकही नाही. आमच्याकडे मात्र चार मोबाईल, एक टॅबलेट, माझा लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या, दोन स्मार्ट घड्याळे, वडिलांच्या श्रवणयंत्रांची चार्जिंगची डबी आणि त्यांचे सीपॅप यंत्र अशी बारा उपकरणे आहेत. झोपेत श्वास अडखळत असल्यामुळे वडिलांना मास्कमधून दाबाने हवा देणारे हे सीपॅप रात्रभर लावावे लागते. म्हणजे रात्री, जेव्हा बाकी सगळे चार्जिंगला लावायचे, नेमके तेव्हाच दोनपैकी एक सॉकेट अडकलेले असणार, आणि तेही पलंगापासून लांब.

यावर उपाय म्हणून मी सहा सॉकेटचा, लांब वायरचा एक चांगला स्पाइक गार्ड आणून ठेवला. तो जहाजावर चढतानाच काढून घेतात, असे एका सहकाऱ्याने सांगितले तेव्हा माझा विश्वास बसला नाही. उपकरणे जळू नयेत म्हणून जी वस्तू वापरायची, तिचीच भीती कशी असेल? पण कंपनीची नियमावली उघडून पाहिली, तर निषिद्ध वस्तूंच्या यादीत इस्त्री, किटली आणि मेणबत्त्या यांच्याच पंक्तीत सर्ज प्रोटेक्शन (विजेच्या जादा दाबापासून संरक्षण) असलेले बोर्ड आणि एक्स्टेन्शन वायर बसलेल्या दिसल्या. कारण कुठेही दिलेले नाही.

नियम मोडण्याचा विचार नाही. परंतु कारण समजले, तर पर्याय निवडताना पुन्हा तीच चूक होणार नाही, असे वाटते. स्पाइक गार्डला जहाजावर मनाई का, त्याऐवजी काय न्यावे, ११० व्होल्टच्या सॉकेटवर आमची उपकरणे चालतील का आणि सीपॅपची वायर पलंगापर्यंत कशी पोहोचवावी, एवढे जाणकारांनी कृपया सांगावे. अनुभवाच्या बारीकसारीक गोष्टीही उपयोगी पडतील.

प्रतिसाद १

मी काही वर्षे जहाजांच्या विद्युत विभागात काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

जमिनीवरील वीजपुरवठ्यात न्यूट्रल वायर जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे फेजमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) असतो आणि न्यूट्रल जवळजवळ शून्यावर असते. अनेक जहाजांवर तशी जोडणी मुद्दामच केलेली नसते. तिथे दोन वायरींपैकी एकही जहाजाच्या पोलादी सांगाड्याशी जोडलेली नसते आणि सांगाड्याच्या तुलनेत दोन्हींमध्ये दाब असतो. याचा फायदा असा की, एखाद्या वायरचे आवरण कुठे झिजून ती सांगाड्याला टेकली, तरी पहिल्याच दोषाला वीज खंडित होत नाही. इन्सुलेशनवर लक्ष ठेवणारे यंत्र इशारा देते आणि आम्ही तो दोष शोधायला निघतो. भर समुद्रात सुकाणूची किंवा पंपांची वीज अचानक जाणे परवडत नाही, म्हणून ही व्यवस्था.

आता तुमच्या स्पाइक गार्डकडे वळू. जादा दाब आला की तो अर्थिंगकडे वळवणारे छोटे घटक त्याच्या आत फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्या दरम्यान बसवलेले असतात. हे घटक जमिनीवरील जोडणी गृहीत धरून निवडलेले असतात. जहाजावर ते अर्थिंगकडे नको तेव्हा प्रवाह वळवू शकतात, तापू शकतात आणि आमच्या यंत्राला तो अर्थिंगचा दोष म्हणून दिसतो. त्याहून वाईट म्हणजे अशा बोर्डाचे बटण किंवा त्यातील फ्यूज बहुधा एकच वायर तोडतो. जमिनीवर तेवढे पुरते. जहाजावर दुसऱ्या वायरमध्येही दाब असल्यामुळे बटण बंद करूनही बोर्ड पूर्णपणे निर्जीव होत नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याच विषयावर सुरक्षा इशारा काढला होता. एका जहाजावर जवळजवळ एकाच वेळी दोन खोल्यांत आगी लागल्या आणि दोन्हींचे कारण असे सर्ज प्रोटेक्शनचे बोर्ड असल्याचे आढळले, ही त्यामागची घटना होती.

तेव्हा तुमचा स्पाइक गार्ड जितका चांगला, तितका तो जहाजावर नकोसा. सर्ज प्रोटेक्शन नसलेल्या साध्या बोर्डाबाबत कंपन्यांचे नियम एकसारखे नाहीत. काही ठिकाणी तपासून परवानगी देतात, काही ठिकाणी अनेक सॉकेटची कोणतीही वस्तू चालत नाही. तुमच्या कंपनीच्या यादीत एक्स्टेन्शन वायरचाही उल्लेख आहे, तेव्हा साध्या बोर्डाच्या वाटेला न जाणेच बरे.

प्रतिसाद २

वरील माहिती उत्तम आहे. काय न्यावे, एवढेच मी लिहितो : भिंतीतील सॉकेटमध्ये थेट बसणारा, चार किंवा पाच यूएसबी पोर्टचा एक चार्जर. त्यात विजेची सॉकेट नसतात, फक्त यूएसबी असते. म्हणून सहसा त्याला हरकत घेतली जात नाही. तरीही तुमच्या कंपनीची यादी पाहूनच खरेदी करावी. किमान दोन पोर्ट टाइप-सी आणि एकूण क्षमता ६५ वॅट किंवा त्याहून अधिक असेल, तर लॅपटॉपही त्याच्यावर चालतो, अर्थात तुमचा लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होत असेल तर. मात्र इतर पोर्ट वापरात असताना लॅपटॉपच्या वाट्याला पूर्ण ६५ वॅट येत नाहीत. क्षमता वाटली जाते, हे चार्जरच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि ते बहुतेक जण वाचत नाहीत.

थोडा हिशेब करून पाहिला. आजच्या मोबाईलची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॉट-तास. चार मोबाईल पूर्ण रिकामे झाले, तरी ७६. टॅबलेटचे ३० आणि लॅपटॉपचे ५५-६० धरले, तरी सगळे मिळून १७० वॉट-तासांच्या आसपास. हजार-दीड हजार वॅटची किटली सात ते दहा मिनिटांत एवढी वीज घेते. म्हणजे तुमची अडचण विजेची नसून भोकांची आहे.

आणखी एक. जड चार्जर जुन्या, सैल सॉकेटमधून जहाजाच्या थरथरीने खाली घसरतो आणि सकाळी उठल्यावर कळते की काहीच चार्ज झालेले नाही. आकाराने लहान आणि वजनाने हलका चार्जर घ्यावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. न्यूट्रलमध्येही दाब असतो, ही गोष्ट माझ्या स्वप्नातही आली नसती. स्पाइक गार्ड घरीच राहील.

११० व्होल्टचा प्रश्न मात्र मनात आहे. त्या सॉकेटवर लावल्यास मोबाईल निम्म्या वेगाने चार्ज होईल का? माझी मुलगी केस सरळ करण्याचे यंत्रही नेऊ पाहते आहे. त्यासाठी व्होल्टेज बदलणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल का?

प्रतिसाद ३

वेग निम्मा होत नाही. चार्जरवर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो कोणत्याही सॉकेटवर मोबाईलला तेवढाच दाब पुरवतो. मोबाईल, टॅबलेट, लॅपटॉप आणि कॅमेरा यांचे आजचे चार्जर जवळजवळ सगळे असेच असतात. तुम्हाला कन्व्हर्टर नको, पिनांचा आकार बदलणारा साधा अडॅप्टर हवा. तीन जाड गोल पिनांचा प्लग त्या दोन्हींपैकी कोणत्याही सॉकेटमध्ये जाणार नाही, त्यामुळे चपट्या पात्यांचा एक आणि बारीक गोल पिनांचा एक, असे दोन अडॅप्टर ठेवावेत. एकच अडॅप्टर नेला, तर दुसरे सॉकेट तुमच्यासाठी नसल्यासारखेच.

केसांच्या यंत्राचे गणित वेगळे आहे. त्यावर फक्त २२०-२४० व्होल्ट लिहिलेले असेल, तर ११० वर ते कोमट होऊन बसेल. उलट फक्त ११० व्होल्टचे यंत्र २२० च्या सॉकेटमध्ये लावले, तर जळेल. बऱ्याच केबिनमध्ये केस वाळवण्याचे यंत्र आधीच असते. सरळ करण्याचे यंत्र चालते की नाही, हे मात्र कंपनीच्या यादीत पाहावे, कारण तापणाऱ्या वस्तूंकडे जहाजावर फार संशयाने पाहतात आणि ते योग्यच आहे. तिथे अग्निशमन दल बाहेरून येणार नसते.

प्रतिसाद ४

माझे पती गेली अनेक वर्षे सीपॅप वापरतात आणि आम्ही तीन वेळा जहाजाने प्रवास केला आहे, म्हणून वडिलांच्या यंत्राबद्दल लिहिते. तुमच्या सगळ्या यादीत खरी काळजी घ्यायची ती याच वस्तूची. मोबाईल एक दिवस बंद राहिला तर काही बिघडत नाही.

आजच कंपनीच्या विशेष गरजांच्या विभागाला लेखी कळवावे. बहुतेक कंपन्यांचा त्यासाठी अर्ज असतो आणि तो प्रवासाच्या काही आठवडे आधी भरावा लागतो. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : सीपॅप रात्रभर चालते, सॉकेट पलंगापासून लांब आहे, आणि यंत्राच्या आर्द्रतेच्या टाकीसाठी डिस्टिल्ड वॉटर लागते. एक्स्टेन्शन वायर प्रवाशांना नेता येत नसली, तरी अशा वैद्यकीय गरजेसाठी जहाजाकडून तपासलेली वायर केबिनमध्ये मिळते, असा आमचा तिन्ही वेळचा अनुभव आहे. पाणीही आधी सांगितले तर केबिनमध्ये ठेवलेले असते. एकदा आम्ही ते कळवायला विसरलो, तर पहिली रात्र टाकी न लावताच काढावी लागली आणि सकाळी घसा कोरडा पडला होता.

यंत्र हातातल्या बॅगेतच ठेवावे. मोठे सामान जहाजावर चढताना घेतात आणि ते केबिनच्या दाराशी कधी कधी रात्री उशिरा पोहोचते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत सोबत असावी, कारण सामान तपासणारा माणूस नवा असेल, तर मास्क आणि नळी पाहून गोंधळतो. आणि ज्या सॉकेटवर सीपॅप लागेल, ते दिवसाही दुसऱ्या कोणाला देऊ नये. दुपारी मुलीने टॅबलेट लावला आणि रात्री अंधारात वायरींचा गुंता सोडवत बसलो, ही फजिती आमच्या घरात घडलेली आहे.

धागाकर्ता

ताई, आपला प्रतिसाद वाचून लगेच पत्र पाठवले. डिस्टिल्ड वॉटरचा विचार आमच्या डोक्यात आलाच नव्हता. वडिलांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी चिठ्ठीच्या दोन प्रती काढायला सांगितल्या.

प्रतिसाद ५

काही सुटे मुद्दे.

काही केबिनमध्ये दाराजवळच्या खाचेत कार्ड ठेवल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि काही जहाजांवर सॉकेटही त्याच कार्डावर अवलंबून असतात. चार्जिंगला लावून सगळे जेवायला गेलात आणि कार्ड काढून नेलेत, तर परत आल्यावर आकडे तिथेच असतात. पहिल्याच दिवशी एक मोबाईल लावून, कार्ड काढून पाहावे. तसेही कोणी नसताना बॅटऱ्या चार्जिंगला सोडून जाऊ नये, विशेषतः पॉवर बँक.

न्हाणीघरात दाढीच्या यंत्राचे चिन्ह असलेले सॉकेट असते. मोह होतो, पण त्यामागचा ट्रान्सफॉर्मर अगदी लहान, बहुधा २० वॅटच्या आसपासचा असतो. त्यावर लॅपटॉप किंवा चार्जर लावू नये.

टीव्हीच्या मागे किंवा पलंगाखाली एखादे सॉकेट दडलेले असते. टीव्हीची किंवा फ्रिजची पिन स्वतः काढण्यापेक्षा केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारावे. कुठे काय आहे, हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. टीव्हीला यूएसबी असेल तर घड्याळे आणि श्रवणयंत्रांची डबी तिथे लावता येतील. कमी प्रवाहावर त्यांचे भागते.

मोबाईल विमान मोडवर ठेवून गरजेपुरते वाय-फाय चालू करावे. भर समुद्रात मोबाईल सतत सिग्नल शोधत राहतो आणि दुपारपर्यंत निम्मी बॅटरी त्यातच जाते. शिवाय जहाजाचे स्वतःचे मोबाईल नेटवर्क पकडले गेले, तर बिल पाहून डोळे पांढरे होतात. एवढे केले की रोज चार मोबाईल चार्ज करावेच लागत नाहीत.

केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात. लोहचुंबकाचे दोन-तीन हूक नेल्यास वायरी भिंतीवर टांगता येतात आणि अंधारात पायात येत नाहीत.

धागाकर्ता

कंपनीचे उत्तर आले. सीपॅपसाठी वायर आणि पाणी पहिल्याच दिवशी केबिनमध्ये असेल, असे त्यांनी लेखी कळवले आहे. वायरच्या टोकाला एकच सॉकेट असेल आणि ते फक्त यंत्रासाठी वापरावे, अशी अट आहे. त्यामुळे २२० चे सॉकेट वडिलांचे आणि ११० च्या सॉकेटवर पाच पोर्टचा चार्जर, असे ठरवले आहे. संध्याकाळी आवरताना लॅपटॉप आणि टॅबलेट, झोपताना मोबाईल, घड्याळे आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या सकाळच्या न्याहारीपूर्वी, असा क्रम मुलीने कागदावर लिहून काढला आहे.

शेवटची एक शंका. बंदरापर्यंत आम्ही विमानाने जाणार आहोत आणि दिवसभर बंदरावर फिरताना वापरण्यासाठी २०,००० एमएएचची पॉवर बँक नेणार आहोत. ती कोणत्या सामानात ठेवावी?

प्रतिसाद २ चे लेखक

हातातल्या बॅगेत. विमानात पॉवर बँक मोठ्या सामानात ठेवता येत नाही. मर्यादा १०० वॉट-तासांची असते आणि त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. तुमची २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, तेव्हा अडचण नाही. फक्त तिच्यावरील आकडे पुसट झालेले नाहीत ना, ते पाहावे. क्षमता वाचता आली नाही, तर तपासणीत ती ठेवून घेऊ शकतात.