बेकारी भत्त्यावरही कर लागतो

बेकारी भत्ता म्हणजे काही पगार नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही, असं काही जणांना वाटतं. अमेरिकेत तरी असं नाही, फेडरल (केंद्र सरकारचा) कर लागतोच. हा गैरसमज बहुधा २०२० सालामुळे पसरला असावा. तेव्हा उत्पन्न दीड लाख डॉलरच्या आत असेल तर भत्त्यातले १०,२०० डॉलर करमुक्त केले होते, पण ती सवलत त्या एका वर्षापुरतीच होती. राज्यकराची गोष्ट निराळी. कॅलिफोर्निया भत्त्यावर राज्यकर घेत नाही, न्यूयॉर्क घेतं.

माझा ले-ऑफ झाला तेव्हा भत्त्याच्या अर्जातल्या 'कर कापून घ्यायचा का?' या प्रश्नाला मी बिनदिक्कत 'नाही' म्हटलं. भाडं डोक्यावर होतं, दुसरं सुचणार काय! जानेवारीत वर्षभरात मिळालेला भत्ता दाखवणारा १०९९-जी फॉर्म आला आणि एप्रिलमध्ये कर एकरकमी भरताना घाम फुटला. 'हो' म्हटलं असतं तर सरळ १० टक्के कापले गेले असते. आधी 'नाही' म्हटलेल्यांना डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून नंतरही कपात सुरू करता येते. आणि हो, भत्ता चालू राहावा म्हणून दर आठवड्याला माहिती भरावी लागते, त्या सर्टिफिकेशनमध्ये किरकोळ कामाचे पैसे बहुतेक राज्यांत काम केलं त्या आठवड्यात दाखवावे लागतात, चेक आला त्या आठवड्यात नाही, आणि तेही त्या कमाईतून कर वगैरे कापण्याआधीची रक्कम. माझा चेक तीन आठवड्यांनी आला, मी तेव्हा दाखवला, आणि महिन्याभरात जास्तीचा भत्ता परत करा म्हणून पत्र दारात!