जुना डेस्कटॉप रुसला, तेव्हा नेमकं काय बिघडलं होतं?

जुन्या डेस्कटॉपचं दुखणं एकीकडे असतं आणि तो कण्हतो दुसरीकडेच. म्हणून तुमचे अनुभव हवेत: लक्षण काय होतं, शोध कसा लागला. 'फॉरमॅट मारून बघा' वगळून काहीही चालेल.

•

गेम सुरू केला की खटकन बंद. सगळे म्हणाले प्रोसेसर तापतोय. तापमान तर नॉर्मल होतं. मग मल्टिमीटर लावला. नुसता चालू असताना एसएमपीएसकडून (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) येणारी बारा व्होल्टची लाइन ठणठणीत; लोड आला, म्हणजे गेमसारखं जड काम लागलं, की 11.1. पाच टक्के सूट धरली तरी 11.4च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएस बदलला, विषय संपला. लोडशिवाय घेतलेलं रीडिंग फसवं असतं, एवढं ध्यानात ठेवा.

•

माझं यंत्र मधेच गोठायचं. हार्ड डिस्क गेली असंच वाटलं. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) 5 आणि 197 या खराब सेक्टर मोजणाऱ्या दोन्ही ओळी शून्य, म्हणजे सेक्टर, डेटा साठवायचे कप्पे, शाबूत. 199 मात्र रोज वाढतेय. ती सीआरसी एररची, म्हणजे पाठवलेला डेटा पडताळणीत चुकल्याची ओळ. म्हणजे डेटा वाटेत बिघडत होता. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलली. जुना आकडा पुसला जात नाही, पण पुढे सरकायचा थांबला.

•

रोज सकाळी तारीख मागे गेलेली आणि ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतोय. बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला होता! कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्या बटण-सेलवर चालतं, आणि तारीख चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं ब्राउझरला अवैध वाटतात.

•

2003च्या आसपासचा बोर्ड. थंड असताना चार-पाचदा बटण दाबावं लागे, एकदा गरम झाला की दिवसभर चाले. झाकण उघडलं तर प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांची (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे डबे) डोकी फुगलेली, एकाच्या टोकाला तपकिरी खरपुडी. त्या काळात सदोष इलेक्ट्रोलाइटचे (आतलं द्रव रसायन) कपॅसिटर बऱ्याच बोर्डांत गेले होते. तेवढ्याच क्षमतेचे, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे, लो ईएसआर (आतला विद्युतरोध कमी असलेले) कपॅसिटर सोल्डर केले. अजून चालतोय.

•

वरच्या गेमवाल्यांसारखंच, पण माझा चालू झाल्या झाल्या चार-पाच सेकंदांत बंद. एकच रॅम ठेवून, ग्राफिक्स कार्ड काढून पाहिलं, तेच. शेवटी कॅबिनेटच्या बटणाची वायर उपसली आणि ती बोर्डावर ज्या दोन पिनांना लागते त्या स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडल्या. मस्त चालू राहिला! बटणच आत अडकत होतं, आणि बोर्डाला वाटायचं कुणी दाबून धरलंय. आता रिसेटची वायर त्या पिनांवर लावलीय. रिसेटच्याच बटणावर चालू करते.