मदत हवी आहे: घाट न चढता माळशेज बघायचाय (ठाण्याहून, आईसोबत)

घोडबंदरकर
आईचं वय ७४. माहेर ओतूर. लग्नानंतर बरीच वर्षं ती ओतूर-कल्याण यष्टीने माळशेज उतरायची, पण गाडी लागते म्हणून पदराआड डोळे मिटून. आता म्हणते, "एवढ्यांदा उतरले, पण घाट कसा दिसतो ते मला ठाऊक नाही." आमच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसायचा, तोही नव्या टॉवरमागे गेला. तेव्हापासून हे जास्तच डोक्यात बसलंय.

अडचण अशी, की वळणं अजूनही सोसत नाहीत. कसारा घाटात गेल्या वर्षी मध्येच थांबावं लागलं. पुढच्या सीटवर, काच दोन बोटं खाली आणि मुठीत लिंबू, अशी सरळ रस्त्याला दोन तास बसते.

तर विचारायचंय ते हे:
घाट सुरू व्हायच्या आधी कुठे थांबलं तर समोर कडे दिसतील? परतताना त्याच रस्त्याने न येता रानातून यायला दुसरा रस्ता आहे का? सकाळी ६ ला निघायचा विचार आहे. गाडी सीएनजी वॅगनआर. रिसॉर्ट सुचवू नका, प्लीज.

मुरबाडी
मोरोशीपर्यंत या. ठाण्याहून साधारण ९० किमी. कशेळी, रांजनोली, कोन, दुर्गाडी, शहाड, मग रायत्याला उल्हास नदी ओलांडली की मोकळं वाटायला लागतं. पुढे मुरबाड, सरळगाव, टोकावडे. वैशाखरे आलं की उजवीकडे नाणेघाटाचा अंगठा (अंगठ्यासारखा दिसणारा कडा) काकूंना दाखवा. मोरोशीला भैरवगडाची उभी भिंत अगदी समोर येते. सावर्णे ओलांडलंत की घाट लागतो, तेव्हा त्याआधीच गाडी वळवा.

भात लोंबीवर आहे. फोटोसाठी कुणाच्या शेतात उतरू नका, बांधावरूनसुद्धा नको. दर रविवारी हेच चालू आहे आमच्याकडे.

डबलक्लच
सकाळी ६ ला अजिबात निघू नका. सगळे सांगतात लवकर निघा, पण इथे ते उलटं पडतं. रस्ता पूर्वेला जातो, म्हणजे ऊन थेट काकूंच्या डोळ्यांवर आणि कडे नुसते काळे. या कड्यांचं तोंड पश्चिमेला आहे, दुपार कलल्यावर त्यांच्यावर ऊन पडतं आणि एकेक घळ मोजता येते. ९ ला निघा, मुरबाडात जेवा, २ च्या सुमारास मोरोशी.

परतीला मुरबाडहून बारवी धरणाकडून बदलापूर. दोन्ही बाजूंना रान आहे. वळणं आहेत, पण घाटासारखी गरगरवणारी नाहीत. अंधारात मात्र तो रस्ता नको, तेव्हा मोरोशी साडेतीनला सोडाच. पुढे काटई नाक्याला ट्रॅफिक लागणार, त्याला इलाज नाही. सीएनजी ठाण्यातच फुल करा, थोडं पेट्रोलही असू द्या.

घोडबंदरकर
काहीतरी खटकत होतं ते हेच, उन्हाचा विचारच केला नव्हता. वॉशरूमचं काय?

मुरबाडी
जेवाल तिथेच उरकून घ्या. पुढे भरवसा नाही.

घोडबंदरकर
जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय. मुरबाडला पिठलं-भाकरी, सव्वादोनला मोरोशी. घडीची खुर्ची नेली होती, ती रस्त्यापासून आत मांडली. आई तासभर बसली, फारसं बोलली नाही. भैरवगडावर ऊन आलं तेव्हा "हा होता होय इथे?" एवढंच.

निघता निघता घाटातून एक लाल यष्टी उतरली. खिडकीला डोकं टेकून एक बाई डोळे मिटून बसलेली. आई खुर्चीतून अर्धी उठली आणि म्हणाली, "अगं, उठवा रे तिला कुणीतरी!"

बारवीच्या रस्त्यावर मात्र लिंबू लागलं. दोनदा.