9 फेब्रुवारी हा ‘वेठबिगार मुक्ती दिन’ म्हणून नाशिक जिल्ह्यात अधिकृत कसा करता येईल?

गोदाकाठ: अमेरिकेत 19 जून हा गुलामगिरी संपल्याचा दिवस 2021 पासून केंद्रीय सुट्टी आहे. आपल्याकडे वेठबिगारी बंद करणारा कायदा 9 फेब्रुवारी 1976 चा. त्या दिवशी जिल्ह्यात सार्वजनिक सुट्टी मिळावी असा अर्ज आमचं मंडळ करणार आहे. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा का? शरणपूरला आणलेल्या आफ्रिकी मुक्त गुलामांचा उल्लेख त्यात घालावा का? मसुदा 26 जानेवारीच्या आत हवा आहे.

आवकजावक: ‘सुट्टी’ हा शब्द आधी काढा, अर्ज तिथेच अडकेल. सार्वजनिक सुट्टी 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (धनादेश-हुंड्यांच्या कायद्याच्या) कलम 25 खाली राज्य सरकार जाहीर करतं, कारण त्या दिवशी बँकांचे व्यवहार थांबतात. जिल्हाधिकाऱ्यांना तो अधिकार नाही. त्यांच्या हातात वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या असतात. त्या यात्रा-सणांतच संपतात, आणि बँका व केंद्राच्या कार्यालयांना लागूही होत नाहीत.

तुम्हाला हवा आहे ‘दिन’. शासकीय कार्यालयांत कोणाच्या जयंत्या आणि कोणते दिन पाळायचे याचं परिपत्रक सामान्य प्रशासन विभाग काढतो. त्या यादीत नाव यावं अशी मागणी करा. यादी वर्ष उजाडण्याआधीच ठरते, म्हणून जानेवारीतला अर्ज त्या वर्षासाठी उशिराचा. या वर्षी जिल्हा पातळीवर कार्यक्रम करून घ्या आणि मंत्रालयातला अर्ज पावसाळ्यातच पाठवा. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. उत्तर आलंच नाही, तर माहिती अधिकाराचा जोडपत्र ‘अ’ अर्ज 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या आणि त्यात एवढंच विचारा: अमुक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? ‘का केली नाही’ असं विचारलंत की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं.

तारीखवार: अमेरिकेतला क्रम पाहण्यासारखा आहे. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनला जनरल ग्रेंजर यांनी मुक्ती जाहीर करणारा ‘आदेश क्रमांक 3’ काढला तो 19 जून 1865 ला. म्हणजे कागदावरची मुक्ती माणसांपर्यंत पोहोचायला अडीच वर्षं लागली. ही तारीख लोकांनी आधी स्वतः पाळली. टेक्सासने तिला राज्याची सुट्टी केलं ते 1980 पासून, आणि केंद्राचा कायदा झाला 17 जून 2021 ला. एवढं होऊनही ती सुट्टी केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरती बंधनकारक आहे, खासगी कंपन्यांना नाही.

मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आणि 2 नोव्हेंबरला गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर आल्याची, अशा दोन वेगळ्या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. तिथल्या मराठी माणसांचे पूर्वज दुसऱ्या तारखेत मोडतात. दोन दुःखांची एकच तारीख त्यांनी केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

जुनंशरणपूर: शरणपूरचा उल्लेख जरूर घाला, पण पार्श्वभूमीत, एका परिच्छेदात. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईत उतरवली जात. त्यांतली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये आली. तिथे त्यांना शिक्षणाबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवली. 1875 च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळ फ्रीअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली, तेव्हा नाशिकला शिकलेले लोक तिथे कामाला होते. जेकब वेनराइट हा इथलाच विद्यार्थी. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तोही होता.

मात्र 18 एप्रिल ही तारीख मागू नका. ती लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीची आहे, या मुलांच्या मुक्तीची नव्हे. 1843 च्या पाचव्या कायद्याचीही नको. त्याने गुलामीला कोर्टात मान्यता नाकारली, एवढंच. वेठ पुढेही चालूच राहिली.

गोदाकाठ: मग 9 फेब्रुवारी पक्की. कायदा लागू 25 ऑक्टोबर 1975 पासून, असंही वाचलं. तारखेवर हरकत येईल?

आवकजावक: येऊ शकते, म्हणून अर्जात दोन्ही तारखा लिहा. आधी अध्यादेश होता, त्यामुळे अंमल 25 ऑक्टोबर 1975 पासून धरला गेला. अधिनियम म्हणून राष्ट्रपतींची संमती 9 फेब्रुवारी 1976 ची.

उचलमुक्त: नुसती प्रतिज्ञा आणि हार-फुलं मागितलीत तर तेवढंच मिळेल. कलम 13 प्रमाणे जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती लागते. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि त्यांनी नेमलेले तीन सदस्य अनुसूचित जाती-जमातींचे असावे लागतात. समितीची बैठक दरवर्षी 9 फेब्रुवारीला व्हावी आणि वर्षभरात किती मुक्ती प्रमाणपत्रं दिली, किती जणांना तातडीची मदत पोहोचली, हे आकडे त्याच दिवशी फलकावर लागावेत, असं अर्जात स्पष्ट लिहा.

इगतपुरी, त्र्यंबक भागातल्या ग्रामसभांचे ठराव जोडा. 26 जानेवारीची ग्रामसभा त्यासाठी सोयीची. सर्वसाधारण ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जे कमी तेवढी हजेरी लागते. ती नसेल तर ठरावाला वजन राहत नाही, तेव्हा सह्यांच्या पानाची प्रतही जोडा. ठरावात ‘उचल’ हा शब्द येऊ द्या. वीटभट्टीवरचा किंवा मेंढ्यांमागे धाडलेल्या पोराचा बाप स्वतःला वेठबिगार म्हणत नाही, तो ‘उचल घेतली होती’ म्हणतो. उचल फेडण्यासाठी काम सोडता येत नसेल, तर ती कायद्याने वेठबिगारीच. आणि कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम 15 प्रमाणे मालकावर असतो. 9 फेब्रुवारीला वाड्या-पाड्यांवर लावायच्या फलकावर हे वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरांत हवं.