कार्डातला तुकडा खरा कशावरून?
‘बेसबॉल खेळाडूंच्या संग्रहासाठीच्या कार्डात बसवलेला जर्सीचा तुकडा खरा कशावरून?’ असं वर विचारलंय. आधी कार्ड उलटं करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. ‘या खेळाडूने सामन्यात घातलेली जर्सी’ हे वेगळं आणि ‘कोणत्याही ठरावीक सामन्यातली नाही’ हे वेगळं. हल्लीच्या कार्डांवर बहुधा यातलं दुसरं वाक्य छापलेलं असतं, तेव्हा भाव बघूनच द्या. यांकीज या न्यू यॉर्कच्या बेसबॉल संघाच्या पांढऱ्या कापडात निळी रेघ आली असेल तर जास्त मागतात, तेही रास्त आहे.

मला खरी हळहळ वाटते ती जुन्या काळचा दिग्गज बेसबॉलपटू बेब रूथच्या जर्सीची. २००३ मध्ये डॉनरस या कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ती अडीच लाखांहून अधिक डॉलर मोजून घेतली आणि कार्डांसाठी कापून काढली. अशी वस्तू अख्खीच राहायला हवी होती.