पिशवीच्या तोंडाला टाका घातला आहे: सातव्या महिन्यात माहेरी जावे की पुण्यातच राहावे?

प्रश्न: रानजाई

नमस्कार. माझा गर्भारपणाचा २३ वा आठवडा सुरू आहे. मागच्या वेळी २२ व्या आठवड्यात, फारशा कळा न येताच, गर्भपिशवीचे तोंड उघडले आणि बाळ गेले. त्यामुळे या वेळी सुरुवातीपासूनच योनिमार्गातून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली जात होती. २० व्या आठवड्यात ती १७ मिलिमीटर भरली, तेव्हा डॉक्टरांनी टाका घातला आणि रोज रात्री योनिमार्गात ठेवण्यासाठी २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवण्यास मदत करणारे संप्रेरक) सुरू केले. त्यानंतरच्या तपासणीत सर्व ठीक आहे, ‘जपून राहा’, एवढेच सांगितले गेले. दवाखान्यातील गर्दीत यापुढचे विचारता आले नाही.

आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. यजमान चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करतात, त्यामुळे काही रात्री मी एकटी असते. माझे माहेर नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात आहे. सातव्या महिन्यात मला तिकडे न्यावे, डोहाळजेवण तिथेच करावे आणि बाळंतपणही तिथेच व्हावे, असा आईचा आग्रह आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, टाका घातल्यावर अंथरुणावरून उठायचेच नसते. मी एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम करते आणि रजा किती मिळेल हेही मला नीट ठाऊक नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. किती झोपून राहावे? माहेरी जावे का? आणि प्रत्येक वेळी बाथरूममध्ये गेल्यावर रक्त तर दिसत नाही ना, म्हणून जो जीव घाबरतो, त्याचे काय करावे?

उत्तर: स्त्रीरोगतज्ज्ञ_सोलापूर

तुमची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचाच आहे. तरीही या स्थितीत मी माझ्या रुग्णांना जे सांगते, ते येथे सविस्तर लिहिते.

विश्रांतीने मुदतपूर्व प्रसूती टळते, असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. उलट आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडे कमकुवत होतात, बद्धकोष्ठता होते आणि मन खचते. म्हणून घरातल्या घरात वावरणे, स्वतःची आंघोळ, बसून भाजी निवडणे, दिवसातून एक-दोनदा कुशीवर पडून राहणे, असा दिनक्रम ठेवावा. जड बादली उचलणे, दिवसभर उभे राहणे, तीन मजले वारंवार चढणे-उतरणे आणि लांबचा प्रवास टाळावा. शरीरसंबंधाविषयी संकोच न बाळगता तुमच्या डॉक्टरांना विचारावे. टाका असताना बहुतेक वेळा तो टाळण्यास सांगितले जाते.

सासूबाईंच्या काळात झोपून राहण्याशिवाय फारसे उपाय हाती नव्हते, त्यामुळे त्यांचा सल्ला प्रेमातूनच आलेला आहे. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. गोव्यात शिरोडे येथे जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये पिशवीच्या तोंडाला टाका घालण्याची पद्धत जगापुढे मांडली आणि आजही ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे ऑस्ट्रेलियातील डॉ. मॅकडोनाल्ड यांनी तिचे सोपे रूप सांगितले आणि आज बहुधा तेच वापरले जाते. तोंड मिटलेले ठेवण्यास आधार देण्याचे काम टाका करतो. तुम्ही उठून पाणी प्यायल्याने तो सुटत नाही.

आता ज्या खुणा दिसताच दवाखान्यात निघायचे, त्या लिहिते. पोट ठरावीक अंतराने दगडासारखे घट्ट होणे आणि कूस बदलून, पाणी पिऊन तासाभरातही ते न थांबणे. पाळीच्या वेळेसारखी ओटीपोटातील किंवा कमरेतील येऊन-जाऊन दुखणारी कळ. खाली काहीतरी उतरल्यासारखा दाब. अचानक वाढलेला, पाण्यासारखा किंवा रक्ताची छटा असलेला स्राव. पाणी गेल्याची शंका आली किंवा रक्त दिसले, तर तासभरही वाट पाहू नये. ताप, लघवीला जळजळ किंवा दुर्गंधी असलेला स्राव यांकडेही दुर्लक्ष करू नये, कारण जंतुसंसर्ग हे वेळेआधी कळा सुरू होण्याचे एक मोठे कारण आहे. टाका असताना कळा सुरू झाल्या तर तो वेळेत काढावा लागतो, नाहीतर पिशवीचे तोंड फाटू शकते. म्हणून रात्री अनोळखी डॉक्टरांसमोर जाण्याची वेळ आली, तर तुमचे पहिले वाक्य ‘मला टाका घातलेला आहे’ हेच असले पाहिजे.

तुमच्या माहेरच्या प्रश्नाचे उत्तर यातच दडलेले आहे. कळा सुरू झाल्यावर औषधांनी त्या बहुधा दोन दिवसांपुरत्याच लांबवता येतात आणि त्या दोन दिवसांचा उपयोग दोन गोष्टींसाठी करायचा असतो. पहिली, बाळाची फुफ्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून आईला दिली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने. डेक्सामेथासोन असेल तर ६ मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी, किंवा बीटामेथासोनचे १२ मिलिग्रॅमचे दोन डोस चोवीस तासांच्या अंतराने. प्रसूती लवकर होण्याची खरी शक्यता दिसते तेव्हा, साधारणपणे २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान, ती दिली जातात. उगीच आधीपासून घेऊन ठेवायची नसतात. दुसरी गोष्ट म्हणजे आईला अशा ठिकाणी पोहोचवणे, जिथे कमी दिवसांच्या बाळांसाठी अतिदक्षता विभाग आहे. बाळाला जन्मानंतर पेटीत घालून शंभर किलोमीटर नेण्यापेक्षा त्याला आईच्या पोटातच तिथपर्यंत नेणे कितीतरी अधिक सुरक्षित असते. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल, तर बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी आईला मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते आणि त्यासाठीही रुग्णालयातच असावे लागते. म्हणून ही सोय जिथे हाताशी आहे, तिथेच राहावे.

उत्तर: माहूरची_लेक

मीही त्याच भागातली आहे, म्हणून आईंची बाजू मांडते. पुण्यात पाळीवर जाणारा नवरा आणि तिसऱ्या मजल्यावर एकटी बाई, हेही काही सुरक्षित नाही. माहेरी चार माणसे हाताशी असतात, वेळेवर गरम जेवण मिळते आणि रात्री हाक मारली तर कोणीतरी उठते. किनवटहून नांदेड दूर आहे हे खरे, पण तेलंगणातील आदिलाबाद त्यामानाने जवळ आहे आणि तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही आहे. तिकडच्या सोयीची चौकशी करून मग ठरवावे. मात्र १०८ ची गाडी राज्याची हद्द ओलांडून नेईल का, हे आधीच विचारून ठेवावे लागेल.

उत्तर: दुर्वांकुर

माहूरच्या ताईंनी मांडलेली एकटेपणाची अडचण खरी आहे, पण त्यावर माहेरी जाण्यापेक्षा आईंनाच पुण्यात आणणे हा उपाय मला अधिक योग्य वाटतो. माझ्याही पिशवीच्या तोंडाची लांबी कमी असल्याचे निदान झाले होते आणि माझे माहेर चंद्रपूर जिल्ह्याच्या आतल्या भागात आहे. आईने यायचे म्हटल्यावर शेती, म्हैस, वडिलांचे पथ्य अशा शंभर अडचणी निघाल्या, तरी ती आली. बाळंतपण माहेरी करण्याच्या रूढीमागचा मूळ हेतू लेकीला आईचा हात मिळावा हाच आहे आणि तो हात पुण्यातही मिळू शकतो. डोहाळजेवण घरातच, तुम्ही पाटावर न बसता खुर्चीत बसून, मोजक्या माणसांत करता येते. मी तर ते काही आठवडे पुढे ढकलले होते आणि त्यावर कोणी काही बोलले नाही.

घर तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर मिळत असेल, तर काही महिन्यांसाठी तरी बदला. ते जमणार नसेल, तर तपासणीच्या दिवशीच खाली उतरायचे, असे ठरवून टाका. यजमानांना रात्रपाळी टाळण्यासाठी डॉक्टरांचे पत्र देता येईल; मागून तर पाहावे. फाइल, रक्तगटाचा अहवाल, टाक्याची नोंद असलेला कागद आणि शेजारच्या विश्वासू कुटुंबाचा तसेच रिक्षावाल्याचा क्रमांक दाराजवळच्या एकाच पिशवीत ठेवा. जिथे नाव घातले आहे, त्या रुग्णालयात ३० आठवड्यांचे बाळ सांभाळण्याची सोय आहे का, की ते दुसरीकडे पाठवतात, हे याच आठवड्यात स्पष्ट शब्दांत विचारा. मी हे विचारले तेव्हाच मला नाव दुसरीकडे घालावे लागेल असे कळले आणि ते वेळेत कळले.

भीतीविषयी लिहायचे तर ती जात नाही, हे आधीच मान्य केलेले बरे, विशेषतः ज्या आठवड्यात मागच्या वेळी बाळ गेले, त्या आठवड्याच्या आसपास. मी एका वहीत दिवसातून ठरलेल्या दोन वेळी स्राव, पोट घट्ट होणे आणि बाळाची हालचाल यांची नोंद करीत असे. आता पाहिले, लिहिले, आता संध्याकाळपर्यंत पुन्हा शोधायचे नाही, असा नियम मी मनाला घातला होता. त्याआधी काही जाणवले, तर अर्थातच त्याची दखल घ्यायची. नियम फक्त शोधत बसण्यापुरता. रात्री मोबाइलवर इतरांच्या दुःखद कहाण्या वाचणे मी पूर्ण बंद केले. झोप उडाली असेल, सतत रडू येत असेल, काही खावेसे वाटत नसेल, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मोफत बोलता येते. तेवढ्याने भागत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना हेही दुखण्याइतकेच स्पष्टपणे सांगा. मागचे बाळ गेल्याचे दुःख अजून तुमच्यात आहे आणि या बाळाच्या काळजीत ते मिसळले आहे. घरात त्या बाळाविषयी बोलण्याची मुभा असू द्या. आमच्याकडे सगळे गप्प राहिले आणि ते गप्प राहणेच मला सर्वांत जड गेले.

उत्तर: आस्थापना_लिपिक

रजेच्या प्रश्नावर लिहितो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत, अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केले असेल, तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. ही मुदत २०१७ च्या दुरुस्तीने वाढली. याखेरीज गर्भारपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी किंवा मुदतपूर्व प्रसूतीसाठी, वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास, एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजेची तरतूद आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे, तरी पुष्कळ कार्यालयांत तिचा कोणी उल्लेखच करीत नाही. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तुमचे काम हिशेबाचे असल्यामुळे तोपर्यंत घरून काम करण्याची परवानगीही त्याच अर्जात मागा, म्हणजे २६ आठवडे बाळासाठी शिल्लक राहतील. ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेखाली) येत असाल, तर लाभ त्या योजनेतून मिळतो. कार्यालयात त्याची खात्री करून घ्या.

उत्तर: सायलीची_आई

माझी मुलगी ३० व्या आठवड्यात झाली. ज्याची भीती वाटते ते प्रत्यक्षात कसे असते, हे आधी ठाऊक असले तर मनाची तयारी होते, म्हणून लिहिते.

आमच्या घरात ‘सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही’ असे म्हणत असत. कोणी तुम्हाला तसे म्हणाले, तर मनावर घेऊ नका. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूनेच असतो आणि ३४ आठवड्यांचे बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा नेहमीच अधिक सक्षम असते.

बाळ काचेच्या पेटीत असताना आईला करण्यासारखे काही नसते, असा माझा समज होता, पण तसे नसते. पहिल्या काही तासांपासून हाताने दूध काढावे लागते आणि ते थेंबभर निघाले तरी नळीतून बाळाला दिले जाते. आईचे दूध येईपर्यंत अनेक ठिकाणी दुग्धपेढीतील दूध वापरतात. आशियातील पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, हे मला तिथल्या परिचारिकेने सांगितले होते. बाळ थोडे स्थिर झाले की त्याला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास धरतात. याला कांगारू पद्धत म्हणतात आणि ती वडील, आजी यांनाही करता येते. माझ्या सासूबाईंनी ती केली.

शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि नेण्या-आणण्याची गाडी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत मिळते आणि बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ही सोय आहे. खासगी अतिदक्षता विभागाचा रोजचा खर्च काय आहे, याची चौकशी आताच करून ठेवा, म्हणजे त्या वेळी घरात त्यावरून गोंधळ उडणार नाही. आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आत झाले किंवा वजन २ किलोपेक्षा कमी भरले, तर जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच लहान बाळाची त्याहूनही आधी. घरी सोडताना ही तारीख कागदावर लिहून घ्या, कारण बाळ बाहेरून ठणठणीत दिसते आणि तपासणी राहून जाते.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. आईशी बोलले. ती आधी नाराज झाली, पण नांदेडला पोहोचेपर्यंत काय होऊ शकते हे यजमानांनी समजावल्यावर पुढच्या आठवड्यात इकडे येण्यास तयार झाली आहे. तिचा पुढचा प्रश्न असा आहे की, टाका कधी काढतात, त्यासाठी भूल द्यावी लागते का, आणि काढला की त्याच दिवशी बाळंतपण होते का? तिला त्यानुसार परतीचे ठरवायचे आहे.

उत्तर: स्त्रीरोगतज्ज्ञ_सोलापूर

सर्व सुरळीत असेल, तर टाका ३६ ते ३७ व्या आठवड्यात काढतात. योनिमार्गातून घातलेला साधा टाका बहुधा भूल न देता तपासणीच्या टेबलावरच काढता येतो. खोलवर घातलेला असेल, तर भूल लागू शकते. तुमचा कोणत्या प्रकारचा आहे, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर लिहिलेले असेल. टाका काढला की लगेच कळा सुरू होतात असे नाही. पुष्कळ स्त्रियांना त्यानंतरही एक-दोन आठवडे, कधी अधिकही लागतात. त्यामुळे आईंनी परतीचे तिकीट त्या तारखेवरून काढू नये.