पानशेतच्या जलाशयात मंद वाऱ्यावर काइटसर्फिंगचा सराव करावा का?

नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीत मी मोरजीमच्या किनाऱ्यावर तीन दिवस काइटसर्फिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने बोर्डावर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचे, प्राथमिक धडे घेतले. काइट हवेत स्थिर ठेवणे आणि त्याच्या ओढीने बोर्डाशिवाय पाण्यातून सरकत जाणे एवढे जमले. बोर्डावर उभे राहणे मात्र राहून गेले. पुण्याहून वारंवार गोव्याला जाणे शक्य नसल्यामुळे उरलेला सराव पानशेतच्या पाण्यावर करावा का, याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे.

माझे वजन ५८ किलो असून मला पोहणे चांगले येते. मे महिन्यात धरणातले पाणी उतरलेले असते आणि काइट मांडायला काठाची मोकळी जमीन मिळते, म्हणून तोच काळ मनात आहे. तिथे चार संध्याकाळी मी वारा मोजला; तो बहुतेक वेळ ८ ते ११ नॉट, म्हणजे ताशी १५ ते २० किलोमीटर भरला.

वेगापेक्षा मला काळजी वाटते ती या वाऱ्याच्या लहरीपणाची. भोवती डोंगर असल्यामुळे आडोशाला वारा एकाएकी पडतो आणि मोकळ्या पट्ट्यात तितक्याच एकाएकी उसळतो. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १० नॉटचे १४ नॉट झाले तरी ती जवळजवळ दुप्पट होते, आणि मंद वाऱ्यासाठी म्हणून घेतलेला मोठा काइट नेमका तेव्हाच आवरेनासा होऊ शकतो. उलट वारा पडला, तर गोता खाऊन पाण्यात पडलेला काइट ८ नॉटमध्ये पुन्हा उठवणे माझ्यासारख्या नवशिकीला कितपत जमेल? मोरजीमला वारा समुद्राकडून येत असल्याने चुकले तरी मी किनाऱ्यालाच लागत असे. इथे तो मला खोल पाण्याकडेही नेऊ शकतो.

हायड्रोफॉइल, म्हणजे खाली पाण्यात खोलवर पंख असलेला बोर्ड, कमी वाऱ्यात चालतो हे ठाऊक आहे. पण उतरलेल्या पाण्याखाली खडक आणि जुनी खोडे असू शकतात, म्हणून तो विचार मी सोडला आहे. त्याऐवजी १२ चौरस मीटरचा काइट आणि रुंद, लांब बोर्ड एवढ्यावर सुरुवात करावी, की थेट १५ चौरस मीटरचा काइट घ्यावा?

जलसंपदा विभागाकडे परवानगीसाठी अर्ज कोणी केला असल्यास त्याची रीतही सांगावी. सोबतीला बचावाची होडी मिळाल्याशिवाय मी पाण्यात उतरणार नाही.